जास्वंदीची पानं एकाएकी गळू लागली तर

जास्वंदीची पानं गळायला लागली की घरात दोन उपाय लगेच सुरू होतात. एक जण तांब्याभर जास्तीचं पाणी घालतो, दुसरा मूठभर खत टाकतो. कधीमधी ते लागूही पडतात, पण बहुतेकदा झाड आणखी खालावतं. पानगळ हा रोग नसून लक्षण आहे, आणि पाणी कमी पडलं तरी पानं गळतात, जास्त झालं तरी गळतात. म्हणून आधी निदान. त्यासाठी लागतं काय? एक खुरपं, एक कोरा पांढरा कागद, स्वतःचं नख, असलंच तर भिंग, आणि अर्धा तास वेळ.

पुढचं बहुतेक विवेचन कुंडीतल्या जास्वंदीबद्दल आहे. जमिनीतल्या झाडाचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पान पडतं की झाड ते सोडतं?

निरोगी पान सहसा नुसत्या वाऱ्याने पडत नाही. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. पान धडधाकट असेपर्यंत त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठाकडे वाहत राहतं आणि तो थर घट्ट राहतो. पान आजारी पडलं, म्हातारं झालं किंवा सावलीत गेलं की ऑक्झिन घटतं. मग इथिलीन नावाचा वायू, जो झाड स्वतःच तयार करतं, त्या थरावर काम करू लागतो. पेशींना जोडणारा लगदा विकरांमुळे (एन्झाइम) विरघळतो आणि पान देठासकट अलगद सुटतं. फांदीवर उरते ती एक स्वच्छ, गोलसर खूण.

डाळिंबाच्या बागाईतदारांना हे नवीन नाही. बहार धरताना ते पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग इथ्रेल फवारून उरलेली पानं मुद्दाम गाळतात. झाडाच्या आत गेल्यावर इथ्रेलमधून इथिलीनच बाहेर पडतं. तुमच्या कुंडीत तेच न फवारता घडत असतं.

यातून निदानाची पहिली आणि सगळ्यात उपयोगी खूण मिळते. पान सोडून देणं हे जिवंत फांदीचं काम आहे. पानं देठासकट गळून खाली पडत असतील तर फांदी अजून जिवंत आहे आणि झाड वाचण्याची शक्यता चांगली आहे. पानं वाळून, तपकिरी होऊन फांदीलाच लोंबकळत राहिली असतील, तर फांदी पान सोडण्याच्या आधीच मेलेली असते. असं एखाद्याच फांदीवर दिसलं तर ती फांदी कापावी. सगळ्या झाडावर दिसलं तर ताबडतोब मुळं पाहावीत.

आधी पडलेलं पान उचला

झाडाकडे नंतर बघू. खाली पडलेली आठ-दहा पानं गोळा करून कागदावर पसरा.

हिरवीगार, ताजी दिसणारी पानं पडली असतील तर झाडाला अचानक धक्का बसलेला असतो. कुंडी बदलताना मुळं तुटली, नर्सरीच्या सावलीतून रोप थेट गच्चीच्या उन्हात आलं, रात्रीचा पारा एकदम उतरला किंवा मातीत पाणी तुंबलं. इथे काळाचा अंदाज घ्यावा लागतो. कारण घडलं आणि पानं पडली यांत दोन ते सात दिवसांचं अंतर असतं, म्हणून गेल्या आठवड्यात काय बदललं हे आठवा, आज काय बदललं हे नव्हे.

पूर्ण पिवळी झालेली, पण डाग किंवा भोकं नसलेली पानं पडत असतील आणि तीही खालच्या भागातून सुरुवात होऊन, तर पाण्याकडे बघा. ताणाचं एक विचित्र रूप इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुंडी दोन दिवस कोरडी राहिली, झाड माना टाकून उभं राहिलं, मग तुम्ही भरपूर पाणी दिलं. झाड टवटवीत झालं, आणि तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडून गळली. साहजिकच दोष पाण्यावर जातो. खरं कारण आधीचा कोरडेपणा असतो. कोरड्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल साठतो आणि पाणी मिळताच तो रसाबरोबर वर चढतो. अशा वेळी पाणी तोडणं ही दुसरी चूक. नेमाने पाणी चालू ठेवलं की गळ आठवडाभरात थांबते.

पानाच्या वरच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखे बारीक पांढरट ठिपके असतील, पान निस्तेज आणि खालून धुळकट लागत असेल, तर लाल कोळी. पानं चुरगळलेली, चिकट, वर काळी काजळी धरलेली असतील, तर रस शोषणारी कीड: पिठ्या ढेकूण, मावा किंवा पांढरी माशी. आणि रोज एखाद-दुसरं जुनं पान, अगदी खालचं, पिवळं होऊन पडत असेल तर काहीच करू नका. जास्वंद सदाहरित असली म्हणून तिचं एकेक पान अमर नसतं.

नख, बोट आणि कुंडीचं वजन

आता झाडाकडे. फांदीच्या टोकाशी नखाने साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली सरका आणि पुन्हा खरवडा. हिरवं कुठे लागतं ते प्रत्येक मोठ्या फांदीवर पाहून घ्या, म्हणजे छाटणी कुठे करायची तेही ठरतं. खोड बुडापर्यंत तपकिरी असेल तर पुढचे उपचार करून उपयोग नाही.

मग तर्जनी दोन पेरं मातीत घाला. वरची माती सुकलेली दिसते म्हणून पाणी घालायचं, हीच कुंडीतल्या जास्वंदीच्या मुळकुजीची नेहमीची सुरुवात असते, कारण कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून लवकर सुकतं आणि खाली चिखल तसाच राहतो. कुंडी उचलून पाहिली की आणखी कळतं. पाणी दिल्यानंतर लगेच आणि दोन दिवसांनी उचलून वजनातला फरक एकदा हाताला कळला की पुढे बोट घालायचीही गरज उरत नाही. तळाच्या भोकाशी वास घ्या. आंबूस किंवा कुजका वास आला तर पुढचा भाग नीट वाचा.

मुळं: खरा प्रश्न बहुतेकदा इथेच असतो

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती मुळांना हवी असते: माती ओली, पण कणांमधल्या पोकळ्यांत हवाही. पाणी तुंबलं की त्या पोकळ्या भरतात आणि मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी ऑक्सिजनशिवाय होत नाही, त्यामुळे त्याचा कच्चा माल मुळांत अडकून राहतो, मग रसाबरोबर वर पानांत जातो आणि तिथे हवा मिळताच इथिलीन बनतं. म्हणजे गुदमरतात मुळं आणि गळतात पानं. याच काळात पिथियम आणि फायटोप्थोरा या पाण्यात वाढणाऱ्या बुरशीसदृश जिवांना संधी मिळते. नुसतं गुदमरणं लवकर सावरतं, कूज एकदा लागली की ती पसरत जाते.

तपासायला कुंडी आडवी धरा, बाजूंनी थोपटा आणि मातीचा गड्डा सावकाश बाहेर ओढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर, टणक असतात. काळसर तपकिरी दिसणारं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात बारीक दोरा राहिला, तर ते मूळ कुजलेलं आहे. ही परीक्षा सहसा चुकत नाही. गड्ड्यात मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर मुळांवरचे पिठ्या ढेकूण. पांढरी, मऊ, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणीच्या जातीची. बऱ्याचदा ती अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि पावसाळ्यात मुळं कुरतडते. कुंडीतली हाताने वेचून काढता येते.

मुळं बहुतेक पांढरी आणि माती मात्र चिंब असेल तर शस्त्रक्रियेची गरज नाही. पाणी बंद, खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, तळाची भोकं लोखंडी सळईने मोकळी करा. कडेकडेने स्वेटर विणायच्या सुईने चार-पाच खोल भोकं पाडा म्हणजे हवा आत जाईल. पावसाळा असेल तर कुंडी पागोळ्यांपासून दूर घ्या. पाच ते सात दिवसांत माती वाफशावर येते.

निम्मी किंवा जास्त मुळं कुजली असतील तर पुढचं करावं लागतं:

१. गड्डा पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. सगळी माती काढायची गरज नाही, कुजलेली मुळं दिसली पाहिजेत इतकीच.

२. कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि काळी मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापा. अर्धवट ठेवलेलं कुजकं टोक पुन्हा पसरतं.

३. मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन त्यात मुळं १५ ते २० मिनिटं बुडवा. हातमोजे आणि मास्क हवेत. उरलेलं द्रावण मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका.

४. वरच्या फांद्याही त्या मानाने छाटा. निम्मी मुळं गेली असतील तर निदान एक तृतीयांश फांद्या जायला हव्यात. उरलेली मुळं पूर्वीइतक्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत.

५. उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे आधीपेक्षा लहान कुंडी घ्या. मोठ्या कुंडीतली रिकामी माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज परत येते. हा सल्ला लोकांना सगळ्यात कमी पटतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

६. एकदाच पाणी द्या, तळातून निथळू द्या आणि दहा ते पंधरा दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. खत नाही. नव्या फुटव्याला चार-पाच पानं येईपर्यंत अजिबात नाही.

भरायच्या मिश्रणात पाणी निथळणं महत्त्वाचं. चार डबे तांबडी माती, दोन डबे गांडूळखत, दोन डबे कोकोपीट, दोन डबे जाडी वाळू किंवा पर्लाइट, आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा तोंडावर असेल तर कोकोपीट निम्मं करून वाळू वाढवा. काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. ओली असताना ती लोण्यासारखी चिकट आणि सुकल्यावर विटेसारखी होते. भेग पडली की वरून दिलेलं पाणी कडेने निघून जातं आणि गड्डा आतून कोरडाच राहतो.

ट्रायकोडर्मा ही मुळकुजीच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी उपयोगी आहे, पण रासायनिक बुरशीनाशकासोबत देऊ नका. ती स्वतः बुरशीच असल्याने औषधाने मरते. दोन ते तीन आठवडे थांबून गांडूळखतात कालवून द्या. हळद, दालचिनी, ताक यांबद्दल बरंच सांगितलं जातं. कापलेल्या जागी हळद लावली तर बिघडत नाही, पण कुजलेलं मूळ तिने परत येत नाही.

जमिनीतल्या जास्वंदीला हीच अडचण काळ्या मातीत येते. झाडापासून थोडं लांब एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल तर तिथला निचरा वाईट. झाड लहान असेल तर फूटभर उंचीचा वरंबा करून त्यावर बसवणं हाच खरा उपाय. मोठं असेल तर बाजूने चर काढून पाणी वाट करून द्यावं.

आणखी एक प्रकार दरवर्षी श्रावणात दिसतो. गणपतीत रोज फुलं हवीत म्हणून नेमक्या पावसातच खताचा मारा केला जातो. मुळं आधीच ओलाव्याने गुदमरलेली, त्यात क्षार. पानं आणि कळ्या दोन्ही गळतात. भाद्रपदात फुलं हवी असतील तर छाटणी मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते आणि छाटणीपासून बहरापर्यंत दोन-अडीच महिने धरावे लागतात. तेव्हाच दिलेलं शेणखत श्रावणातल्या खतापेक्षा कितीतरी जास्त कामी येतं.

पिठ्या ढेकूण

जास्वंद आणि पिठ्या ढेकूण हे समीकरण इतकं पक्कं आहे की या किडीच्या एका जातीला जगभर जास्वंदीचंच नाव आहे: गुलाबी जास्वंद मिलीबग. ती मूळची आपल्याच भागातली. १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचल्यावर तिने तिथे मोठं नुकसान केलं, कारण तिला खाणारे इथले शत्रू तिथे नव्हते. आपल्याकडे आणखी दोन परक्या जातीही जास्वंदीवर येतात, एक कपाशीवरची आणि दुसरी पपईवरची. पपईवरची भारतात २००८ मध्ये कोइम्बतूरला प्रथम आढळली.

गुलाबी जातीची लाळ झाडाला विषारी ठरते. शेंड्याची पानं आखडून गुच्छासारखी होतात, पेरं आखूड पडतात, कळ्या न उमलता गळतात. पांढरा कापूस दिसण्याच्या आधीच हा गुच्छ दिसतो, त्यामुळे डोळे तिथे हवेत. एक कीड काडीने चिरडून पाहा. लालसर गुलाबी रस निघाला तर हीच जात.

कापसासारख्या पिशवीत एक मादी काही शे अंडी घालते आणि उबेत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. शिवाय अंगावरच्या मेणामुळे नुसतं पाणी घसरून जातं आणि पिशवीतल्या अंड्यांपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून एका फवारणीत काम होत नाही. सात दिवसांच्या अंतराने तीन ते चार वेळा फवारावं लागतं. आधी आखडलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि दोन दिवस उन्हात ठेवून मग कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको.

फवारणीसाठी लिटरभर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली भांडी घासायचं द्रवरूप साबण. क्रम महत्त्वाचा: आधी वाटीभर कोमट पाण्यात साबण आणि तेल दुधाळ होईपर्यंत ढवळा, मग बाकीच्या पाण्यात मिसळा. थेट बादलीत टाकलेलं तेल वर तरंगतं आणि पंपातून एकदम बाहेर पडून पानं भाजतं, म्हणजे पानगळ थांबवायला गेलो आणि वाढवून आलो. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून आणि बेचक्यांत. कीड थोडी असेल तर फवारण्यापेक्षा पाण्याच्या जोरदार धारेने धुणं आणि उरलेली स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसणं जास्त बरं.

मुंग्या खोडावर ये-जा करत असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी. गोड चिकट स्रावासाठी त्या ढेकणांचं रक्षण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावा.

आता एक सावधगिरी. ढेकणांच्या मध्येच थोडी मोठी, लांब पांढऱ्या मेणाच्या झालरी असलेली अळी दिसली तर ती मारू नका. क्रिप्टोलिमस नावाच्या लालसर डोक्याच्या काळ्या भुंगेऱ्याची ती अळी असते आणि ढेकूण खाऊनच जगते. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि इथे रुळला. ओळखायला काडीने स्पर्श करा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी चटकन पळते. ती चार-पाच दिसली तर आठवडाभर काहीच फवारू नका.

दुकानात लगेच हातात ठेवलं जाणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घरच्या जास्वंदीला टाळावं. ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे फुलांत आणि मधुरसातही उतरतं, आणि जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर रोजच येतात. फुलं चहात, तेलात किंवा खाण्यात वापरत असाल तर त्याचं नावच नको. मॅलॅथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं जास्वंदीला अनेकदा सोसत नाहीत आणि त्यांनीच पानं गळतात. फवारणीनंतर तीन-चार दिवसांत हिरवी पानं पडली तर कीड बळावली असं समजून डोस दुप्पट करू नका. झाड स्वच्छ पाण्याने धुवा आणि थांबा.

लाल कोळी

मार्च ते मे, कोरडी हवा, उन्हाने तापलेली भिंत, त्या भिंतीला लागून कुंडी. कोळ्याला आणखी काही लागत नाही. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला साधारण आठवडा पुरतो. संशय असलेल्या फांदीखाली कोरा कागद धरून फांदी झटका. धुळीचे वाटणारे ठिपके चालू लागले तर कोळी आहे.

कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, आणि पुष्कळ कीटकनाशकांनी तो मरत नाही, उलट त्याला खाणारे कीटक मरतात आणि तो वाढतो. दर दोन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारा, असं दोन आठवडे. एवढ्याने आवरलं नाही तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३५ च्या वर असताना गंधक नको, आणि निंबोळी तेल मारल्यावर निदान तीन आठवडे गंधक नको. दोन्ही मिळून पानं करपतात. विदर्भात एप्रिलनंतर गंधकाला दिवसच मिळत नाही, तिथे पाण्याची धार आणि दुपारची सावली यांवरच भागवावं.

जागा, थंडी, नवी कुंडी

नर्सरीतून आणलेल्या मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी, बऱ्याच ठिकाणी ज्यांना पुणे व्हरायटी म्हणून विकतात, बहुतेक हिरव्या जाळीखाली वाढलेल्या असतात. घरी आल्याबरोबर कुंडी बदलायची आणि थेट गच्चीवर ठेवायची, म्हणजे दोन धक्के एकदम. आठवडाभर सकाळचं दोन तास ऊन, मग वाढवत न्या. कुंडी पंधरा दिवसांनी बदला. लहानशा कोकोपीटच्या गोळ्यात मुळं कोंडली असतील तर बाहेरची मुळं हाताने सैल करा, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात नाही. साधी लाल गावठी जास्वंद हे सगळं हसत सोसते.

नाशिक, निफाड, पुणे भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की जास्वंद वाढ थांबवते आणि काही पानं टाकते. पाणी निम्मं करा आणि फेब्रुवारीपर्यंत धीर धरा. थंडीत खत देऊन तिला उठवता येत नाही.

पिवळी पानं आणि बोअरचं पाणी

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. जुनं पान सरसकट फिकट, तर नत्र. यांनी पानं एका रात्रीत गळत नाहीत, आठवडे लागतात. म्हणून अचानक गळ झाली तर कमतरतेचा विचार शेवटी करा.

बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) साताच्या वर जातो. मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. साधं हिराकस (फेरस सल्फेट) घातलं तर तेही थोड्या दिवसांत अडकतं. चिलेटेड लोहातला, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेल्या लोहातला, ईडीडीएचए प्रकार अशा मातीत टिकतो, दहा इंची कुंडीला महिन्यातून एकदा १ ग्रॅम लिटरभर पाण्यात. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ३ ते ५ ग्रॅम, पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा.

कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या, तर क्षार साठलेत. कुंडी धुवावी लागते. दहा इंची कुंडीत साधारण ८ ते १० लिटर माती बसते. तिच्या दुप्पट, म्हणजे १६ ते २० लिटर पावसाचं किंवा गोडं पाणी तीन-चार टप्प्यांत सावकाश ओता, दर वेळी पूर्ण निथळू द्या. भोकं बंद असताना हे केलं तर क्षार जाऊन मुळकूज येईल. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा सोसही सोडावा. जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) कमीच लागतं, आणि साठलेलं जास्तीचं स्फुरद लोह अडवतं.

उघड्या पडलेल्या झाडाची काळजी

पानं गेली म्हणजे पाणी पिणारंही गेलं. हे सगळे विसरतात आणि उघड्या काड्यांना पूर्वीइतकंच पाणी घालत राहतात. दहा इंची कुंडीला भर पानांत उन्हाळ्यात दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागत असेल, तर उघड्या झाडाला आठवड्यातून दोनदा तेवढं पुरतं. बोट दोन पेरं कोरडं निघाल्याशिवाय पाणी नाही.

नखाने शोधलेल्या हिरव्या भागापर्यंत छाटा. काप डोळ्याच्या बोटभर वर, तिरपा. हवा उबदार असेल तर दोन ते चार आठवड्यांत डोळे फुगतात. संकरित रोप बऱ्याचदा कलमी असतं, म्हणून फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून येतोय ना हे पाहा. खालून आलेला देशी खुंटाचा फुटवा जोमदार असतो आणि ठेवला तर वरचं कलम मरतं. तो काढून टाका. वरचा भाग पूर्ण मेलाच असेल तर ठेवा, साधी जास्वंद फुकट मिळेल.

फुटव्याला चार-पाच पानं आली की महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम. याहून जास्त कोवळ्या मुळांना नको. हिरवी फांदी शिल्लक असेल तर पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची दोन-तीन छाटं आत्ताच ओल्या वाळूत लावून सावलीत ठेवा. पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात.

आणि खोड मातीपर्यंत तपकिरी निघालं तर झाड काढा. त्या कुंडीतली माती दुसऱ्या जास्वंदीला तशीच वापरू नका. एप्रिल-मेमध्ये ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हात चार ते सहा आठवडे तापवा, कुंडी साबणाने घासून धुवा, मग नव्या मिश्रणात ती एक भागापुरतीच मिसळा.